वजनाला पाटील

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात लुटारूंनी सोनाजीच्या पोटात भाला खुपसला आणि फिरवून बाहेर काढला. जाताना त्यांनी गाव पेटवलं. दोनच गाड्या वाचल्या. औंढ्याचा दवाखाना तीन कोसांवर.

कणगीत लपलेले ग्यानबा पाटील बाहेर येत म्हणाले, "माझी हलकी दमणी न्या. वाऱ्यावानी पळती."

"अन् आतडी रस्त्यावर सांडती," तांड्यावरचा वसराम म्हणाला. "माझं जड गाडं घ्या. पर रिकामं गाडं आदळतं. वजन पायजे."

धान्याची पोती लुटारूंनी नेली होती. नवऱ्याचं पोट लुगड्यानं दाबून बसलेल्या द्वारकाबाईनं पाटलांचा घेर नजरेनं मोजला. "पाटील, तुमी बसा."

"मी काहून?"

"गावात एवढं भरलेलं पोतं दुसरं न्हाई."

सोनाजीला गाड्यात निजवलं, वजनाला पाटील आपल्या भावांनाही घेऊन चढले आणि गाडं खरंच संथ चाललं. ओढ्याजवळ मागं राहिलेल्या लुटारूंनी गोळी झाडली. पाटलांचा अर्धा कान उडाला. ते किंचाळत उडी मारायला निघाले, तशी द्वारकाबाईनं त्यांचं धोतर धरलं. "उतरू नका! दणके बसतील माझ्या मालकाला."

औंढ्यात डॉक्टरनं सोनाजीची नाडी पाहिली आणि "जिवंत आहे," म्हणत सुई उचलली.

"आधी माझा कान!" पाटील ओरडले.

द्वारकाबाईनं त्यांना भिंतीशी ढकललं. "गप बसा. तुमचं मागून."