लोहाराचं दुमजली घर

"राजे! अहो राजे, हे दुमजली घर कुणाचं?"

जेवणाच्या सुट्टीत फिटरनं स्टोअरच्या खिडकीतून मुंडकं आत घातलं आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. खुर्चीत बसलेल्या स्टोअरकीपरला ठसकाच लागला.

"तुझंच, दादा," तो कसाबसा म्हणाला. "लोहाराचं."

"माझं? आणि दगडी? वर धुराडंसुद्धा!" फिटर मागे वळून ओरडला, "अगं मावशी, इकडे ये, मी बंगलेवाला झालो!"

बसगाड्यांच्या त्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपरला सगळे 'राजे' म्हणत, निम्मं थट्टेनं, निम्मं मायेनं. एरवी बावीस वर्षं त्या माणसाला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. फिल्टर द्या, बेल्ट द्या, सही घ्या, संपलं. दोन वर्षांपूर्वी स्टोअरला कॉम्प्युटर आला आणि त्यात एक खेळ सापडला, जुन्या काळातलं राज्य वसवायचा. नदीकाठची ओसाड जागा, तीन झोपड्या, एक विहीर. लाकूड तोडायचं, धान्य साठवायचं, हिवाळा काढायचा, लुटारू आले तर झुंजायचं. पहिल्या हिवाळ्यात झाडून सगळी प्रजा उपाशी मेली आणि हा पठ्ठ्या चार दिवस नीट जेवला नाही. दुसऱ्यांदा राज्य मांडलं तेव्हा त्यानं एकेका रहिवाशाला वर्कशॉपमधल्या माणसाचं नाव दिलं. आपल्या माणसांना उपाशी ठेवायचा जीव होणार नाही, हा त्याचा हिशेब.

फिटर झाला लोहार. रंगारी झाला पहारेकरी, कारण तो तसाही झोपाच काढतो. चहावाल्या मावशीला गुत्ता मिळाला, तेव्हा आठवडाभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "मेल्या, जन्मभर तुला चहा पाजला आणि मला दारू विकायला बसवलंस!" पण रोज सुट्टी झाली की खिडकीशी पहिली हजर तीच, आज गिऱ्हाईक किती आलं ते विचारायला. राज्य त्यानं चालवलंही छान. धान्य कमी पडलं की खेळात कुणाकुणाला हद्दपार करता येई, पण त्यानं एकालाही घालवलं नव्हतं.

आणि या सोमवारी नव्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"वरून हुकूम आहे. चार माणसं कमी करायचीत. मी पडलो बाहेरचा, तुम्ही सगळ्यांना ओळखता. नावं द्या. शुक्रवारी पत्रं निघतील, तोवर ब्र काढायचा नाही."

"साहेब, मी कशी देणार..."

"तीन दिलीत तरी चालेल," साहेब म्हणाले. "चौथं मी शोधेन." आणि त्याच्याकडे बघत राहिले.

त्यानं चार दिली. तीन कामचुकारांची होती, ती लगेच सुचली. चौथ्याला पेन अडलं. रंगारी गहजब करेल, सगळं वर्कशॉप डोक्यावर घेईल. इलेक्ट्रिशियन साहेबांच्या ओळखीतला. फिटर मात्र काही बोलणार नाही, दादा समजून घेईल. बघा कसं असतं! जो भांडणार नाही, त्याच्याच गळ्यावरून सुरी फिरवायला हात धजावतो. छप्पन्न वर्षांच्या त्या माणसाचं नाव त्यानं चांगल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं.

मग मन खायला लागलं. तटबंदीसाठी महिनाभर साठवलेला सगळा दगड त्यानं बुधवारी लोहाराच्या घराला लावून टाकला. वेडाच म्हणायचा, दुसरं काय! अशानं का काही भरून निघणार होतं?

फिटरच्या हाकेवर मावशीनं येऊन घर पाहिलं. "आम्हाला बाई कोण बांधतंय!" म्हणून नाक मुरडून गेली. खिडकीशी फिटर एकटा उरला, तेव्हा त्यानं आवाज खाली आणला.

"खरं सांगू? आठ दिवस धास्तीत होतो मी. माणसं कमी करणार म्हणतात. पलीकडच्या गॅरेजवाल्यानं जागा ठेवलीय माझ्यासाठी. आज संध्याकाळपर्यंत काय ते कळव म्हणतोय, बायको म्हणते जा. पण सोमवारी तू तासभर केबिनमध्ये होतास, तुला सगळं ठाऊक असणार. आणि आज मला घर बांधून दिलंस! तोंडानं सांगायची बंदी आहे, म्हणून असं सांगितलंस ना? कळलं बरं मला."

 स्टोअरकीपरनं आत्ता बोलायला हवं होतं. 'दादा, ती जागा सोडू नकोस', एवढं पुरलं असतं. पण समोरच्या केबिनच्या काचेमागे साहेब उभे होते आणि त्यांचं तोंड इकडेच होतं.

"विचार कर ना," तो म्हणाला. "घाई कशाला करतोस?"

"राजाची मर्जी कळल्यावर विचार कसला!" फिटरनं तिथंच खिडकीला टेकून फोन लावला. "हां मालक, मी बोलतोय. नाही जमायचं हो. द्या ती जागा दुसऱ्याला. छे छे, पगाराचं नाही. इथं माझी माणसं आहेत."

आणि हा बसून राहिला शुंभासारखा.

शुक्रवारी साडेअकराला पत्रं वाटली. कुणी दिली नावं, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. अशा गोष्टी लपतात कुठे? जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी कुणी फिरकलं नाही. मावशीनं चहाचा कप बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आणि हाक न मारता निघून गेली. त्यानं सवयीनं खेळ उघडला. प्रजेचं समाधान ब्याण्णव टक्के, असा हिरवा आकडा समोर आला. त्यानं कॉम्प्युटरच बंद केला.

चारच्या सुमारास फिटर हत्यारं जमा करायला आला. एकेक पाना पुसून, तेल लावून आणला होता.

"मोजून घ्या," तो म्हणाला.

"दादा, तुझं मोजायचं काय त्यात..."

"मोजून घ्या. मागाहून बोल नको. मी हात धुऊन येतो, तोवर पावती लिहून ठेवा."

बावीस वर्षांत फिटर त्याला अहो म्हणाला होता तो फक्त चेष्टेत. ही चेष्टा नव्हती. स्टोअरकीपरनं मान खाली घालून पाने मोजले, पावती लिहिली, सही केली. फिटर परत आला. पावती वाचून त्यानं घडी घालून खिशात ठेवली.

"घर बांधलंत तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही. पण दादा, साहेब समोर काचेत उभे होते, मी तरी काय..."

"असू दे." फिटरनं खिशाचं बटण लावलं. "बायको त्या रात्री भांडली माझ्याशी, जागा का सोडली म्हणून. मी म्हटलं, काळजी करू नकोस, आपला माणूस आत आहे. आता तिला काय सांगू, तेवढं सुचत नाही."

 स्टोअरकीपरनं खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि फिटरचा हात धरायला गेला.

फिटरनं आपले हात मागे घेतले.

"राहू द्या, काळे आहेत," तो म्हणाला.

आत्ताच नळावर साबणानं घासून धुतलेल्या त्या हातांवर कुठे डाग नव्हता. बोटं अजून ओलसर होती.