दाराजवळची झांज

मी एक जुनी रबरी झांज आहे. इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटच्या अगदी उजव्या टोकाला लावतात, ती. मित्रांनो, जिचा जन्मच मार खाण्यासाठी, तिने खरे तर भित्रे असू नये. पण मी पहिल्यापासून भित्रीच.

दुकानात मला सदा धास्ती असे. सेट दाखवताना दुकानदार माझ्याकडे बोट करून म्हणे, "ही नसली तरी चालतं." एके दिवशी ताई आणि तिचे बाबा आले. ताईचा जीव मोठ्या सेटवर जडला. दुकानदार म्हणाला, "खोलीत मावेल तो घ्या बाई, मनात मावेल तो नको." बाबांना दम्याचा त्रास, पण हौस दांडगी. ते म्हणाले, "घे गं मोठाच! मला कुठे नाचायचंय त्या खोलीत?"

ताईने घरी चादर अंथरून जागा मोजली होती. सेट चादरीवर नेमका बसला. आतल्या खोलीचे दार बाहेर उघडते, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आले नाही. मग माझ्यामुळे अर्धेच उघडणाऱ्या त्या दारातून बाबा अंग चोरून ये-जा करू लागले. "ढेरी तेवढी आत घ्यायची," असे म्हणून हसत. ताई माझ्यावर खूश होती. रोज मला फडक्याने पुसायची.

वाजवताना पायाच्या दणक्याने सेट हळूहळू पुढे सरकतो. एका दुपारी तो असाच सरकला आणि मी दाराला टेकले. ताईच्या कानांवर हेडफोन होते. आत बाबांना धाप लागली. श्वासाचा पंप राहिला होता बाहेरच्या टेबलावर. त्यांनी दार ढकलले, ते माझ्यावर आपटले आणि ताईच्या कानात झणकन आवाज झाला.

"ही आपोआप कशी वाजतेय?" असे पुटपुटून तिने माझी वायर उपसली.

मी मुकी झाले. दार पुन्हा आपटले. ताईला काही कळेना. त्याआधी आणि त्यानंतरही मी इतकी कधी घाबरले नाही. बाबा, अजून जोरात मारा, असे मी मनात ओरडत होते. तिसऱ्या धक्क्याला स्टँड कलंडला आणि मी ताईच्या पायावर पडले. तिने हेडफोन काढले.

"बाबा!"

तिने अख्खा सेट मागे ओढला, दार उघडले, पंप त्यांच्या तोंडाशी धरला. श्वास परतल्यावर बाबा म्हणाले, "सेट छान आहे गं. दारच बावळट." ताईला हसू आले नाही. ती त्यांच्या मांडीवर डोके ठेवून खूप रडली. त्याच संध्याकाळी तिने मला उतरवले.

आता मी कपाटावर असते. बाबा कधी कधी वर बघून विचारतात, "लावायची का गं हिला परत?" माझ्या अंगावर काटा येतो.

बाबा, नका लावू. मित्रांनो, आधी घरातली सगळी दारे पूर्ण उघडा, माणसांना त्यांतून मोकळे जाऊ-येऊ द्या, आणि उरेल त्या जागेत ड्रम मांडा. तिथे मी बसत नसेन, तर मला इथेच धूळ खाऊ द्या.