अण्णांच्या साठीचं कार्ड

पद्मजाला कार्डं करायला शिकवलं ते चैतालीने. चैताली तिची नणंद. हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागल्यावर चैतालीने घरी कॉम्प्युटर, स्कॅनर आणि रंगीत प्रिंटर आणला आणि कोथरूडच्या त्या घरात नुकत्याच आलेल्या वहिनीला शेजारी बसवून घेतलं. इंटरनेटवर फुकट किट मिळायची. जुन्या कागदांचे पोत, रिबिनी, बटणं, वाळलेली फुलं, सगळी नुसती चित्रं. आपला फोटो स्कॅन करायचा, त्याच्याभोवती ती रचायची, जाड कागदावर छापायचं आणि घडी घालायची. हळूहळू सोसायटीतल्या वाढदिवसांची कार्डं पद्मजाकडेच येऊ लागली.

मग चैतालीने चेतनशी लग्न केलं. तो तिच्याच कंपनीतला, बिबवेवाडीच्या बौद्ध कुटुंबातला. अण्णा, म्हणजे पद्मजाचे सासरे, त्याच्याबद्दल एकदाच बोलले.

"मुलगा हुशार आहे, नोकरी उत्तम आहे, सगळं चांगलं आहे. पण आपल्यातला नाही. विषय संपला."

लग्नाला घरचं कुणी गेलं नाही. चैतालीचं नाव घरात निघेनासं झालं.

पुढे अण्णांची साठी आली. निमंत्रणाचं कार्ड घरीच करायचं ठरलं आणि त्यासाठी फोटो अण्णांनी स्वतः निवडला. अभय आणि पद्मजाच्या लग्नातला. अण्णा आणि सासूबाई खुर्च्यांवर, मागे अभय, पद्मजा आणि चैताली. चैतालीचा हात आईच्या खांद्यावर होता. तिने काहीतरी म्हटलं असणार, कारण अण्णा मान वळवून तिच्याकडे बघत खळखळून हसत होते.

"यात मी बरा दिसतोय," अण्णा म्हणाले. "फक्त तिला काढ."

"अण्णा, दुसरा फोटो घेऊ या का? यात तुम्ही तिच्याकडेच बघताय."

"दुसऱ्या कुठल्या फोटोत मी हसतोय?"

पद्मजाने सगळे अल्बम काढून पाहिले. कुठेच हसत नव्हते.

अभय म्हणाला, "करून टाक ना. कॉम्प्युटरवर तर करायचंय."

"मग तूच कर."

"मला कुठे येतं?"

"मलाही येत नव्हतं. तुझ्या बहिणीने शिकवलं."

अभय पेपर घेऊन बाल्कनीत गेला.

नाही म्हणायचं, असं पद्मजाने दिवसभर मनाशी घोकलं. पण जेवताना अण्णांनी "झालं का कार्ड?" असं विचारलं आणि तिच्या तोंडून "करते" एवढंच निघालं. तिने किटमधला शेवंतीचा मोठा गुच्छ उचलला आणि चैतालीच्या चेहऱ्यावर ठेवला. खांदे दिसत होते म्हणून आणखी मोठा केला. आता अण्णा शेवंतीकडे बघून हसत होते.

छापलेला नमुना अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरला.

"हिच्या खांद्यावर हे काय आहे?"

"बोटं आहेत," पद्मजा म्हणाली. "राहिली."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. "राहू द्या की," त्या म्हणाल्या. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळतंय."

सासूबाईंनी पद्मजाकडे पाहिलं. ती काही बोलेल, निदान एक शब्द, अशा आशेने पाहिलं. पद्मजाने अण्णांच्या हातून नमुना परत घेतला. सासूबाई आत गेल्या.

फोटोतल्या सासूबाईंच्या पैठणीचाच एकेक तुकडा उचलून पद्मजाने तो बोटांवर ठेवला. चैतालीच्या बोटातल्या अंगठीवरचं काम किचकट होतं. खडा चमकत होता, तो झाकता झाकेना. शेवटी तोही गेला.

कार्यक्रम थाटात झाला. "अण्णा, काय मनमोकळं हसलाय हो!" असं सगळे म्हणाले. "फुलं अंमळ जास्तच झाली नाहीत का?" एवढं मात्र शेजारचे एक निवृत्त मास्तर म्हणाले आणि जिलबीकडे वळले. चैताली कुठे आहे, हे कुणीच विचारलं नाही.

नंतर एका दुपारी घरचा फोन वाजला. चैतालीच होती. मावशीकडे तिने ते कार्ड पाहिलं होतं.

"वहिनी, काम सफाईदार झालंय. जोड कुठेच दिसत नाही."

"चैताली, माझं ऐक जरा..."

"आईच्या खांद्यावर माझा हात होता ना गं?"

"हो."

"तोही तूच काढलास?"

"हो."

सासूबाईंनी पुढे होऊन रिसीव्हर हातात घेतला. लेकीच्या लग्नानंतर त्या पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होत्या. पलीकडचं बोलणं पद्मजाला शेजारी ऐकू येत होतं.

"चिऊ, कशी आहेस गं?"

"आई, हे केलं तेव्हा तू घरात होतीस?"

"होते."

"काही बोललीस?"

बोलले, राहू द्या म्हटलं, असं सासूबाईंना सांगता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "त्यांचा स्वभाव तुला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे," चैताली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पद्मजा एकदा बसने बिबवेवाडीला जाऊन आली. चेतनच्या आईने तिला आत बोलावलं, पाणी दिलं, चहा दिला. "ती घरी नाही हो," असं अगदी नम्रपणे सांगितलं. दाराशी चैतालीच्या चपला होत्या. पद्मजाने चहा संपवला आणि निघाली. घरी कुणाला काही सांगितलं नाही.

चैतालीला मुलगी झाली, ते मावशीकडून कळलं. मावशी दुपारची आली होती. सासूबाई गवार निवडत होत्या.

"कुणासारखी दिसते?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी नुसतं लांबून पाहिलं. फोटो ती कुणालाच देत नाही. मलासुद्धा नाही दिला."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर अण्णा डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले.

"कुणाबद्दल चाललंय?"

मावशीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंची मान वर झाली नाही.

"कुणाबद्दल नाही," मावशी म्हणाली.