साठ जणांनी वाचलेली वही

संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाने एक वेबसाइट बनवायची होती, सर्व्हर आणि डेटाबेससकट. धाकटीने वही बनवली. नाव आणि पासवर्ड टाकायचा, रोज मनातलं लिहायचं, बंद करायचं.

"माहिती खोटी भरा," सरांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं. "तुमच्या साइट मी तुमच्याकडूनच फोडून घेणार आहे."

पण खोटं भरून धाकटीला कंटाळा आला. खरा माणूस वापरेल तेव्हाच चुका कळतील, असं तिने मनाशी धरलं आणि ताईला गळ घातली. आईचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून, चार वर्षं, ताई ग्रंथालयातली नोकरी सोडून घरीच होती. आईला भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं तिच्याकडे.

"तू वाचशील," ताई म्हणाली.

"पासवर्ड तुझा. मला कसं दिसेल?"

दिसलं असतं, डेटाबेसमध्ये सगळं उघडंच पडलेलं होतं. पण धाकटीने कधी डोकावलं नाही, आणि त्याचं तिला जरा कौतुकही होतं. ताई मात्र रोज लिहायची. दुपारी आई झोपली की बसायची आणि उठताना हलकी दिसायची.

साइट फोडायच्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. वही सुतळीच्या वाट्याला आली. सुतळी म्हणजे वर्गातला सर्वांत उंच, सर्वांत किडकिडीत आणि या कामात सर्वांत तरबेज मुलगा. त्याने नावाच्या रकान्यात नावाऐवजी एक अवतरणचिन्ह आणि अर्धवट आज्ञा टाकली. धाकटीच्या सर्व्हरने ती नाव म्हणून तपासलीच नाही, निमूटपणे पाळली.

"सर, आत शिरलो."

सरांनी त्याचा स्क्रीन भिंतीवर लावला. साठ जणांनी माना वर केल्या.

'आज आईला मुद्दाम तासभर ओल्या चादरीत ठेवलं. ती हाका मारत होती. मी दारात उभी राहून ऐकत होते. बरं वाटलं.'

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. धाकटीने ते वाक्य दोनदा वाचलं, तरी ते तसंच राहिलं.

"सर, बंद करा ना."

"मजकूर सोडा, दार कसं उघडलं ते बघा," सर म्हणाले. "लिहून घ्या सगळ्यांनी." आणि दुसरी नोंद दिसावी म्हणून त्यांनी खाली सरकवलं.

'धाकटी आली की आईचा चेहरा फुलतो. धाकटीने तिला एकदाही पुसलेलं नाही.'

"कुणाची आहे ही माहिती?" सरांनी विचारलं.

"खोटी आहे, सर," धाकटी म्हणाली.

"छान लिहिलीय," सर म्हणाले. वर्ग मनमोकळा हसला.

तिने दहा मिनिटांत ते भोक बुजवलं. एका ओळीची दुरुस्ती होती. पण कुणीतरी भिंतीचा फोटो काढला होता. शेजारच्या काकूंची पुतणी त्याच वर्गात होती, आणि तिला धाकटीचं घर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी काकू आईला भेटायला म्हणून आल्या. ताई पाणी आणायला आत गेली, तशी त्यांनी आईची चादर उचलली, हात लावून पाहिलं, मग तो हात नाकाशी नेला. ताई पेला घेऊन दारात थबकली. काकूंनी फोन पुढे धरला.

"हे तूच लिहिलंस ना गं?"

ताईने वाचलं. पेला खाली ठेवला. काकू गेल्यावर ती धाकटीच्या खोलीत आली.

"किती जण होते?"

"साठ."

"तू त्यांना सांगितलंस, माझी बहीण आहे म्हणून?"

"नाही. मी खोटं आहे म्हणाले."

ताईने मान हलवली. "मग खोटंच राहू दे. मी दोनदाच तसं केलं होतं. लिहिलं म्हणून तिसऱ्यांदा केलं नाही."

रविवारी ती दुसऱ्या शहरातल्या मैत्रिणीकडे गेली आणि तिथे तिला काम मिळालं. फोन केला तर ती आईच्या औषधांच्या वेळा सांगते, बाकी काही नाही. धाकटीने विद्यापीठातून वर्षभराची सुट्टी घेतली. पहिल्या सकाळी तिने कोमट पाण्यात कापड बुडवलं, पिळलं आणि आईजवळ गेली.

आईने तोंड फिरवलं.

"तू नको," ती जड जिभेने म्हणाली. "तिला बोलव. तिचा हात हलका आहे."