सहाशे चित्रं जास्तीची

अपग्रेड करा, अपग्रेड करा म्हणून कॉम्प्युटर महिनाभर मागं लागला होता. शेवटी सोमवारी सोमनाथनं ते उरकून टाकलं. विद्यापीठातल्या त्या लॅबची यंत्रं तोच सांभाळायचा. मंगळवारी सकाळी अनिसानं रेणू दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं, नेहमीची फिल्म काढायला लावली आणि ती बघताच सोमनाथला बोलावलं.

कॉम्प्युटरनं गणित करून काढलेल्या त्या फिल्ममध्ये मधुमेहाशी संबंध असलेलं एक प्रोटीन होतं. त्याच्या खाचेत एक छोटा रेणू जाऊन बसायचा आणि बसूनच राहायचा, म्हणजे औषध म्हणून उपयोगी पडायची आशा. अनिसाच्या अब्बांचं, निजामुद्दीनचं, औरंगपुऱ्यात जडीबुटीचं दुकान होतं. तिथं मिळणाऱ्या एका मुळीतला हा रेणू. तीन वर्षं तिनं त्याच्यापायी घालवली होती आणि शुक्रवारी पीएचडीच्या समितीपुढं हीच फिल्म दाखवायची होती. नव्या आवृत्तीत मात्र रेणू येत होता, थोडा वेळ टेकत होता आणि सरळ उठून चालता होत होता.

सोमनाथ म्हणाला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असेल. तो बदलला, तरी रेणू गेलाच. मग त्यांनी फिल्म न जोडता एकेक चित्र सुटं काढलं. हजार निघाली. जुन्या फिल्ममध्ये कायम चारशेच असायची.

लॅबमध्ये फिल्म काढायच्या सूचनांची एक फाईल होती. आठ वर्षांपूर्वी कुणा सीनियरनं लिहिलेली आणि पुढच्या प्रत्येकानं डोळे झाकून उतरवून घेतलेली. चालतंय ना, मग हात कशाला लावा, असा तिथला रिवाज. त्या काळी मशीनची मेमरी बेताची, म्हणून त्यानं पहिली चारशेच चित्रं घ्यायची ओळ टाकून ठेवली होती. नव्या आवृत्तीला ती जुनी आज्ञा ओळखता आली नाही. तिनं तसा इशारा दिला आणि ओळ सोडून पुढं गेली. इशारा सकाळपासून लाल अक्षरांत समोर होता, पण दोघांनीही तो वाचायची तसदी घेतली नव्हती.

रेणू खाचेपासून किती दूर आहे ते आकडेही याच फाईलीतून निघायचे, म्हणून तेही चारशेलाच थांबलेले. अनिसानं आता सगळे काढले. पाचशेव्या चित्राच्या आसपास रेणू सुटत होता, तो परत येत नव्हता. सॉफ्टवेअरचं काहीच बिघडलं नव्हतं.

सोमनाथला तिची दया आली. "जुनं टाकू का परत? पंधरा मिन्टाचं काम हाय. कुणाला कळायचं नाय."

हो म्हणायला तिनं तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात अब्बांचा फोन आला. करमाडचे कडुबा भाऊ आलेत आणि तुझी फिल्म माझ्या फोनमधून उडालीय, परत पाठव, असं त्यांचं म्हणणं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला अब्बा ती दाखवायचे. अनिसाला त्याचं आजवर कौतुकच वाटलं होतं. तिनं सोमनाथला थांब म्हटलं, हजार चित्रांची फिल्म फोनमध्ये घेतली आणि स्कूटी काढली.

दुकानात बाकड्यावर कडुबा मांडीवर त्या मुळीची पुडी ठेवून बसले होते. तिनं फिल्म लावली. रेणू खाचेत बसला तसे अब्बा खुलले. मग तो उठून गेला. अब्बा त्याची वाट बघत राहिले, फिल्म संपली तरी.

"लौटता नहीं क्या?"

"नहीं, अब्बा. पहलेवाली अधूरी थी. मैंने देखाच नहीं."

कडुबांनी एकदा तिच्याकडं आणि एकदा फोनकडं पाहिलं.

"मंग डागदरच्या गोळ्या? दोन महिने झाले, मी त्या बंद केल्यात. पोरीनं कॉम्प्युटरात बघितलंय म्हनले ना निजामभाई."

तीन वर्षं वाया गेली याचं दुःख त्या क्षणी अनिसाच्या मनात औषधालाही उरलं नाही, नुसती भीती वाटली. अब्बांनी वाकून कडुबांच्या मांडीवरची पुडी उचलली आणि गल्ल्यामागं टाकली. स्कूटीची चावी मागून घेतली.

"चला भाऊ, आधी शुगर तपासून येऊ. नंतर डॉक्टरकडं. मी येतो संगं."

दोघं गेल्यावर तिनं सोमनाथला फोन लावला.

"जुनं टाकू नको. शुक्रवारी हजारच्या हजार दाखवणार आहे."