माझ्या कपाळावरचं ‘बेष्ट’

मी ‘चुंबक्या’चा दुसरा अंक बोलतोय. चोवीस पानं, गुळगुळीत मुखपृष्ठ, पोटात दोन पिना, एवढाच माझा संसार. मुखपृष्ठावर आमचा नायक चुंबक्या दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्या दिशेनं एक अख्खा ट्रक ओढला जातोय. त्याच्या डोक्यावर, म्हणजे माझ्या कपाळावर, एक पिवळा गोल आहे. गोलात लिहिलंय : ‘बेष्ट! निव्वळ बेष्ट!’ आणि खाली बारीक अक्षरांत : समीक्षा, साखळी.

आता खरं सांगतो. समीक्षा ही गोव्यातल्या साखळी गावची मुलगी, आणि ती असं कधी म्हणालीच नव्हती.

माझा जन्म पुण्यातला. छापखान्यात शाई वाळत होती तेव्हाच प्रकाशनाच्या संपादक पल्लवीबाई कुणाला तरी सांगत होत्या, “तो गोल मोठा करा. साखळीची ती मुलगी सहसा कुणाला बरं म्हणत नाही. ती म्हणाली म्हटल्यावर मुलं डोळे मिटून घेतील.” मला काय, मी हुरळलो. जन्मताच कपाळी गंध लागलं असं वाटलं. माझ्या भावंडांसोबत गठ्ठ्यात बांधला गेलो, बसच्या टपावर चढलो, घाट उतरलो आणि साखळीच्या बाजारात गोकुळदासांच्या दुकानात येऊन पडलो.

गोकुळदास म्हणजे समीक्षाचे वडील. दुकान वह्या, कंपासपेट्या, मार्गदर्शक पुस्तकं यांचं. पण दर्शनी भिंतीवर एक तार ताणलेली आहे आणि तिच्यावर सुपरहिरोंचे नवे अंक लटकलेले असतात, अगदी दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे. ही कल्पना समीक्षाची. नवा अंक आला की ती दोनदा वाचते. एकदा नुसती चित्रं, एकदा गोष्ट. मग मोबाइलवर व्हिडिओ करून सांगते आणि अंक चिमट्यानं तारेवर लावते. हिरवा चिमटा म्हणजे बिनधास्त घ्या. पिवळा म्हणजे इथेच उभं राहून वाचा, घरी नेण्याइतका नाही. ज्याला चिमटाच मिळत नाही तो खालच्या फळीवर, भूगोलाच्या नकाशांशेजारी. वाळपईपासून दोडामार्गापर्यंतची पोरं व्हिडिओच्या शेवटी एवढंच बघतात की तिचा हात कुठल्या चिमट्याकडे जातो.

गठ्ठा सोडला तेव्हा गोकुळदास काउंटरवर कोपरं टेकून उभ्या असलेल्या एका माणसाला हाकलत होते. “बेश्टोच उबो रावूं नाका रे. घेवपाचें जाल्यार घे, ना जाल्यार गिरायकांक वाट दी.” तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि माझ्या कपाळावरच्या शब्दाशी त्याचं नातं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नाही.

समीक्षानं मला उचललं. गोल वाचला. पुन्हा वाचला. गोकुळदास मागून डोकावले आणि खुलले.

“बरें न्ही गो? पुण्याच्या पुस्तकार नांव आयलें तुजें.”

“पप्पा, हांवें हें म्हटलेंच ना. हांवें बेश्टें म्हटलेलें.”

गोकुळदास आधी खो खो हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं.

तुम्ही गोव्याबाहेरचे असाल तर तुमचीही फसगत झालीच असणार, म्हणून सांगतो. बेष्ट म्हणजे झकास, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण इथलं बेश्टें म्हणजे फुकट, वाया गेलेलं, बिनकामाचं. समीक्षा व्हिडिओ मराठीत करते, पण रंगात आली की तिची जीभ घरच्या बोलीवर घसरते. पहिल्या अंकाबद्दल ती म्हणाली होती, “रंग बघा, छपाई बघा, आणि गोष्ट? बेश्टें! निव्वळ बेश्टें!” नेमका त्याच क्षणी रस्त्यावरून पाव विकणारा पोदेर सायकलचा भोंगा वाजवत गेला आणि शब्दाची शेपटी त्या पोंय-पोंयमध्ये बुडाली. इथल्या पोरांनी तिचा हात खालच्या फळीकडे जाताना बघितला आणि समजायचं ते समजली. पुण्यात मात्र उरलेला शब्द ऐकू आला आणि त्यांनी आनंदानं तो माझ्या कपाळी थापला.

तिनं लगेच पल्लवीबाईंना फोन लावला. फोन काउंटरवर ठेवलेला, मी शेजारी, त्यामुळे सगळं ऐकलं.

“अहो, किती गंमत!” पल्लवीबाई आधी हसल्या. मग त्यांचा आवाज उतरला. “पण समीक्षा, आता हे उघड करू नका. अंक दुकानांत गेलेत. तुम्ही व्हिडिओत खरं सांगितलंत तर मला सगळे परत मागवावे लागतील. मग तिसरा अंक निघणं कठीण. वर बसलेल्यांचा आधीच या मालिकेवर विश्वास नाही.”

“पण ते माझं म्हणणं नाही.”

“एका शब्दाचा तर प्रश्न आहे. तुम्ही नुसतं गप्प राहायचंय.”

फोन ठेवल्यावर समीक्षानं मला पालथं घातलं. कपाळ काउंटरवर, पाठ वर. अंकाचा याहून मोठा अपमान नसतो.

आणि तेवढ्यात सेजल आली. ही वाळपईची, कॉलेजात जाणारी, समीक्षाचा एकही व्हिडिओ न चुकवणारी. गठ्ठ्यातला माझा एक भाऊ तिनं उचलला, गोल वाचला आणि सरळ विचारलं, “समीक्षादी, तुवें पयल्या अंकाक बेश्टें म्हटलेलें मूं? तुजें आयकून म्हज्या भावान तो घेतलोच ना, पयशे उरयले. आतां हांगा बेष्ट कशें? पुणेंकारांक भियेलें काय तूं?”

समीक्षा गठ्ठ्याची दोरी गुंडाळत राहिली. सेजलनं अंक जागेवर ठेवला, अगदी हळू, आणि काही न घेता निघून गेली. रागावून आपटला असता तर बरं झालं असतं. त्या वेळी समीक्षाच्या डोळ्यांत आलेलं पाणी मी पालथा असूनही मला कळलं, कारण तिनं नाक पुसलं आणि माझ्यावरचीच धूळ झटकल्यासारखं केलं.

दुपारी साखळीचा बाजार झोपतो. गोकुळदास जेवायला घरी गेले. समीक्षानं शटर अर्ध्यावर ओढलं. पोदेराच्या त्या प्रकारापासून ती व्हिडिओ दुपारीच करते. मोबाइल वह्यांच्या चवडीला टेकवून उभा केला, मला समोर ठेवलं आणि नुसती बघत बसली. मला उघडेना. माझा जीव नुसता टांगणीला. अगं बाई, माझ्या कपाळावर जे आहे ते मी लिहिलेलं नाही! आत बघ ना! पण कागदाला ओरडता येत नाही, ही आमची मोठी अडचण.

शटर वाजलं. वाकून कुणीतरी आत आलं. चपला लाल धुळीनं माखलेल्या, बोटांना शाई. तो साईश होता, लोखंडाच्या खाणींच्या शिरगावचा. चुंबक्याची गोष्ट रचणारा, चित्रं काढणारा. म्हणजे माझा बापच म्हणा ना.

तो समीक्षाला कधी भेटला नव्हता. त्यानं नाव सांगितलं. त्याची नजर माझ्यावर पडली आणि तिथून हटली.

“व्हिडिओ करतलें काय आतां?”

“करतलें.”

“पुण्याच्यांनी बेष्ट आयकलें,” साईश म्हणाला. “माका बेश्टेंच आयकूंक आयलें. पोदेर वाजयत गेलो तरी.”

समीक्षा ताडकन उठली. “मागीर तुवें तांकां सांगलें कित्याक ना?”

“सांगपाक फोन हातांत घेतिल्लो.” साईशनं मान खाली घातली. “पूण आवय सगळ्या वाड्याक सांगताली, म्हज्या पुताक साखळेच्या चेडवान बेष्ट म्हटलां. हांव ओगी रावलों.”

मग तो ज्यासाठी आला होता ते बोलला. आजचा व्हिडिओ करू नको, अंक विकला जाऊ दे, तिसरा नक्की झाला की मग हवं ते सांग. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. माणसाला स्वतःचीच विनंती आवडत नसली की ती तो फार भरभर बोलतो.

“म्हणजे तोवर हांवें वाचप्यांक फसोवचें?” समीक्षानं विचारलं.

बाहेरून एक ट्रक गेला आणि तारेवरचे अंक हलले. आता काय होणार या विचारानं माझ्या पिनासुद्धा ताठ झाल्या होत्या. ती गप्प राहिली तर मी आयुष्यभर खोटं कपाळ घेऊन फिरणार. बोलली तर माझी भावंडं रद्दीत आणि या पोराचा चुंबक्या तिथेच संपणार. आणि तिचं म्हणाल तर, शब्द हीच तिची कमाई, दुसरं तिच्याकडे काय होतं?

शेवटी साईशच म्हणाला, अगदी वेगळ्या आवाजात, “तुवें वाचलोय हो अंक?”

“ना.”

“मागीर पयलीं वाच. मागीर जें म्हणपाचें तें म्हण. हांव आडायना.”

तिनं मला उघडलं.

अंकाच्या आयुष्यात हा क्षण असा असतो की विचारू नका. ती चित्रं बघत चालली आणि साईश नकाशांकडे तोंड करून उभा राहिला, वर्गात उत्तरपत्रिका वाटताना मुलं उभी राहतात तसा. पहिल्या अंकात चुंबक्या कुठल्याशा परक्या शहरात उंच इमारती पाडत सुटला होता. त्याला ना लागायचं, ना दुखायचं. माझ्यात मात्र तो घरी परततो. पत्र्याचं छप्पर, लाल अंगण, चुलीपाशी आई. आणि तो उंबऱ्यावर पाऊल टाकतो तोच घरातलं सारं लोखंड त्याच्याकडे सरकू लागतं. तवा, खिळे, कोयती. आई बसून नारळ खवत असते त्या आदोळीचं, तुमच्याकडच्या विळीचं म्हणा, पातं त्याच्या दिशेनं वळतं. आई आदोळीवर पाय रोवून म्हणते, “ये रे, हांवें धरल्या.” तो येत नाही. अंगणातच बसतो आणि ती जेवण बाहेर आणून देते. केळीच्या पानावर, कारण स्टीलचं ताट त्याला चिकटलं असतं.

त्या पानावर समीक्षा थांबली. पुढे गेली, परत आली. शेवटपर्यंत वाचून पुन्हा पहिल्या पानावर गेली. साईशला वाटलं ती आता बोलेल, तो वळला, तर ती दुसऱ्यांदा वाचायला बसलेली. बिचारा पुन्हा नकाशांकडे वळला.

मला मिटून तिनं मोबाइल सुरू केला. साईशला जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही.

“नमस्कार. आजचा अंक, चुंबक्या दोन. आधी याच्या कपाळाचं सांगते.” तिनं गोल मोबाइलसमोर धरला. “हा शब्द माझा नाही. मी तापले की माझं मराठी घरी पळतं. मी म्हणाले होते बेश्टें. म्हणजे आमच्याकडे वाया गेलेलं. पहिल्या अंकाबद्दल माझं तेच मत होतं आणि आजही तेच आहे. माझं नाव वाचून कुणी हा घेतला असेल तर मला वाईट वाटतं.”

तिचा अंगठा माझ्या कपाळात रुतला होता. मी त्या हातात होतो, म्हणून सांगतो.

“आता दुसरा अंक. शेवटची चार पानं अजून बेश्टें. तिथे परत इमारती पडतात, मारामारी कशासाठी तेच कळत नाही. पण त्याआधी एक आई आदोळीवर पाय देऊन लेकाला घरात बोलावते. सुपरहिरोला आपल्या घरात जेवता येत नाही, असं मी आजवर कुठल्याच अंकात वाचलं नव्हतं. वाचताना मला रडू आलं. हे काढणाऱ्यानं बेश्टें ऐकलं आणि त्यातून हे काढलं.”

मग तिचा हात चिमट्यांच्या डब्याकडे गेला. हिरवा चिमटा घेतला. मला तारेवर नेलं आणि चिमटा नेमका पिवळ्या गोलावर चावला. शब्द त्याच्याखाली गेला.

मागे साईश वह्यांच्या चवडीवर बसला आणि चवड कोसळली. तो आवाजही व्हिडिओत आला.

पुढे पल्लवीबाईंनी म्हटल्याप्रमाणे केलं. अंक परत मागवले, माझी भावंडं गठ्ठ्यानं गेली आणि त्यांची मुखपृष्ठं फाडली गेली. मला समीक्षानं पाठवलं नाही. सेजल दुसऱ्याच दिवशी येऊन तारेवरच मला वाचून गेली आणि जाताना म्हणाली, “विकत दी गो हो माका.” समीक्षानं दिला नाही. तेव्हापासून मला वाचायला लोक येतात. माझे कोपरे दुमडले, आदोळीच्या पानावर कुणाचं तरी बोट उमटलं. दमट हवेनं पिना गंजल्या आणि त्यांच्याभोवती शिरगावच्या मातीच्या रंगाचे डाग धरले.

बरेच दिवस पुण्याहून फोन नव्हता. साईश येऊन ती चार पानं पुन्हा पुन्हा काढून दाखवायचा, समीक्षा नाही म्हणून मान हलवायची. मग परवा फोन वाजला. पल्लवीबाई म्हणाल्या, “लोक चिमट्यावाला अंक मागताहेत. तिसरा काढतोय. मुखपृष्ठासाठी तुमचे दोन शब्द द्याल? या वेळी लिहून द्या, म्हणजे घोळ नको.”

“आधी अंक पाठवा,” समीक्षा म्हणाली. “वाचल्याशिवाय शब्द नाही.”

तर मंडळी, कधी साखळीला आलात तर या. आलात तर कपाळ वाचून पुढे जाऊ नका, आत शिरा. एवढंच माझं मागणं. हा चिमटा दिवसरात्र लागतो, खोटं कशाला बोलू, पण तो काढू नका. त्याच्याखाली छापलेला शब्द माझ्याबद्दल कुणी कधी म्हटलाच नव्हता. चिमटा मात्र माझा आहे.