मी मंगळाची माती झाले

मित्रांनो, मी एक जुनी भुकटी आहे, काळ्या दगडाची. फार फार पूर्वी जमिनीच्या पोटातून तापलेला रस होऊन वर आले, थंडावले आणि वसईच्या पूर्वेला डोंगर होऊन निवांत पडून राहिले. मग सुरुंग लागले. क्रशरमध्ये दगडाची खडी झाली, आणि खडी होताना जी उडाली ती मी.

त्या क्रशरवर काशीराम आणि धोंडूबाई हे जोडपं कामाला होतं. मला हात लावण्याआधी धोंडूबाई डबाभर पाणी मारी. काशीराम हसे. "धूल खाऊन कोन मेलाय?" म्हणे. दहा वर्षं त्याला खरंच काही झालं नाही. अकराव्या वर्षी तो क्रशरच्या चार पायऱ्या चढताना मध्येच थांबू लागला. पुढे तर बसूनच झोपे. त्याच्या छातीत मीच होते. हे सांगताना मला लाज वाटते.

तो गेल्यावर धोंडूबाई आचोळ्यातल्या एका शाळेत झाडलोट करू लागली. तिथे हंसाबाई विज्ञान शिकवतात, अगदी जीव ओतून. मंगळावरची मातीही ज्वालामुखीच्या अशाच दगडाची, असं त्यांच्या वाचनात आलं. झालं, माझं एक पोतं शाळेत आलं. गेरू कालवून मला लाल केलं, मोठ्या ट्रेमध्ये पसरलं. जिला जन्मभर लोकांनी कपड्यांवरून झटकलं, तिच्याभोवती मुलं माना वाकवून उभी राहिली. मी फुगून गेले, खोटं कशाला बोलू?

पण मंगळावर वादळं होतात, म्हणून बाईंनी टेबलफॅन आणला. धोंडूबाईने मला तेव्हाच ओळखलं. ती तांब्या घेऊन आली.

"बाई, ही सुकी उडवू नका. पानी मारा आधी."

"मावशी, मंगळावर असा ओलावा नसतो. चिखल झाला तर मुलांना दाखवू काय?"

"माझा नवरा हिच्यानंच गेला, बाई."

हंसाबाईंनी फॅनची वायर हातात घेतली. मग म्हणाल्या, "ते रोज बारा तास तिथे असायचे ना? आपला शनिवारी एकच तास." आणि त्यांनी फॅन लावला.

सातवीतली निधी नेहमी सर्वांत पुढे असते. तिला वादळ जवळून पाहायचं असतं. दर शनिवारी मी थोडी थोडी तिच्या आत जाते. शाळेला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं, आता हा प्रयोग रोज होणार आहे. धोंडूबाईने दोनदा मला गुपचूप भिजवलं, म्हणून हल्ली ट्रे कपाटात कुलूपबंद असतो.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मी म्हणते, माझ्यापासून स्वतःला जपा. माझा मंगळ बिघडू दे, बक्षीस जाऊ दे.

काल ट्रे कपाटातून बाहेर काढला, तेव्हा प्रयोगशाळेच्या दारातून मला जिना दिसत होता. निधी चार पायऱ्या चढली आणि मध्येच थांबली. बुटाचा बंद बांधायला थांबली असेल. तसंच असू दे. पण मित्रांनो, तुम्ही तांब्या आणा. आधी पाणी मारा.